गाडीचा जन्माचा नंबर

आपल्याकडे लग्नातल्या पितळी घागरीवर नाव आणि सन ठोकून घ्यायची पद्धत होती. घागर चार घरे फिरली तरी कोणाची, कधीची, हे कळते. मोटारीचेही तसेच असते, हे मला आमच्या सासऱ्यांच्या फियाटमुळे कळले. गाडी १९६८ ची, ११०० डिलाइट. सासरे गेल्यावर गोठ्याच्या जागेत पडून होती. आरसी बुक वाळवीने खाल्लेले. दीर म्हणाले, कागद नाही तर भंगारात द्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्याही नाहीत.

फियाट म्हणजे आपल्यातलीच गोष्ट आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या जुळणीच्या. फियाटशी करार नंतरचा. वालचंदशेठ १९५३ मध्ये गेले. आपण जिला पद्मिनी म्हणतो ते नाव १९७४ चे, त्यांनी ते ऐकलेही नाही.

आता नंबर. पाटीवरचा नंबर हा सरकारने दिलेला, तो बदलू शकतो. कारखान्याने दिलेले नंबर दोन, चेसिसचा आणि इंजिनचा. आज चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. अमेरिकेत हा सतराचा नियम १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली रीत. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा नंबर इंजिनवरच, डाव्या बाजूला, पाणी आत येते त्या तोंडाच्या वर ठोकलेला असे. म्हणजे इंजिन बदलले की गाडीची ओळखच बदलली! जुन्या फोर्डच्या कागदांत घोळ होतात त्याचे हे एक कारण.

फियाट ११०० ला वेगळी चेसिस नाही, सगळा सांगाडा एकच. आमच्या गाडीचा नंबर बॉनेटखाली, इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावर निघाला. शेजारी रिव्हेट केलेली पट्टी होती, पण पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावता येते. खरा मानायचा तो पत्र्यात ठोकलेला आकडा.

तो दिसतच नव्हता, तेल आणि धूळ बोटभर. मेकॅनिक पॉलिश पेपर घेऊन आला, मी थांबवले. घासून आकडा उथळ झाला तर तपासणीत खाडाखोडीचा संशय येतो. रॉकेलचा बोळा, जुना टूथब्रश, एवढेच वापरले. मग पातळ कागद धरून वर आडवी पेन्सिल फिरवली. आकडे पांढरे उमटले. आरटीओत हाच पेन्सिलचा ठसा मागतात. आणखी एक गंमत: ठोकताना खालचा धातूही दाबला जातो, म्हणून चोराने आकडा घासून काढला तरी तपासनीस आम्ल लावून तो पुन्हा उमटवू शकतात.

ठशावरून जुन्या नोंदवहीत सासऱ्यांचे नाव सापडले. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. आधीच नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर राहतो. आमचाही राहील.

दीर आता भंगाराचे नाव काढत नाहीत. ब्रेकचे काम बाकी आहे, आणि त्या मापाचे टायर अजून मिळालेले नाहीत. कोणाच्या गावात असतील तर कळवा.