माग, डेटाबेस आणि ओझरती नजर

चालत्या डेटाबेसचा वेग मोजू जावे, तर मोजणीचाच बोजा त्याच्या पाठीवर बसतो. पोस्टग्रेसमध्ये ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ लावले, की क्वेरीच्या प्रत्येक टप्प्यावर, प्रत्येक ओळीमागे घड्याळ दोनदा पाहिले जाते. म्हणजे दहा लाख ओळी देणाऱ्या एकाच टप्प्याला ते वीस लाख वेळा पाहणे आले, आणि जेथे वेळ विचारणेच महाग पडते अशा यंत्रावर तपासणीखालचे काम मूळ कामाहून कितीतरी लांबते. 2012 च्या 9.2 आवृत्तीत ही वेळमोजणी बंद ठेवण्याची मुभा मिळाली, ती याच कारणाने.

ओरॅकलने 10जी आवृत्तीत निराळा मार्ग धरला. दर सेकंदास सर्व सेशनांवरून एकदा नजर फिरवावी, रिकामी बसलेली वगळावीत, आणि उरलेल्यांपैकी कोण प्रोसेसरवर आहे, कोण डिस्कसाठी वा लॉकसाठी तिष्ठत आहे, एवढेच मेमरीत टिपावे. दहांतील एक नमुना डिस्कवरच्या दप्तरी दाखल व्हावा. मग सेकंदाला दहा क्वेरी येवोत की दहा हजार, नजर एकदाच फिरणार.

या ‘अ‍ॅक्टिव्ह सेशन हिस्टरी’चे कुळ, चालत्या प्रोग्रामवर अशीच अधूनमधून नजर टाकणाऱ्या युनिक्सच्या ‘प्रॉफ’शी जोडण्याचा मोह साहजिक आहे; मला मात्र ते पटत नाही. प्रॉफ विचारतो, प्रोग्राम कोठवर आला. ओरॅकल विचारतो, हा काम करतो आहे की खोळंबला आहे, आणि खोळंबला असल्यास कशापायी? नेमका हाच सवाल मँचेस्टरच्या शर्ली संस्थेतील संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांनी लँकेशायरच्या मागांना केला होता. घड्याळ घेऊन एकेका यंत्रापाशी माणूस तिष्ठत ठेवण्याऐवजी त्यांनी निरीक्षकाला गिरणीतून फेरी मारावयास लावली: प्रत्येक मागावर एक ओझरती नजर, चालू की बंद, बंद असल्यास कारण, की पुढे. हजार स्वतंत्र नोंदींत दोनशे ‘बंद’ निघाल्या, तर खोळंबा वीस टक्के, आणि प्रमाणत्रुटी जेमतेम सव्वा टक्का! ही रीत मांडणारा त्यांचा निबंध 1935 चा. (जनगणनेच्या अहवालांतून 41,600 अंक वेचून 1927 मध्ये यादृच्छिक अंकांची सारणी छापणारे गृहस्थही हेच, नमुन्यावर भिस्त ठेवण्याची त्यांची छाती जुनीच.)

वारशाचा कागद दाखवा, असे प्रतिपक्ष म्हणेल. पण हीच रीत पुढे ‘वर्क सॅम्पलिंग’ या नावाने कारखान्यांच्या व्यवस्थापनात रुळली, आणि तेथून ती संगणकवाल्यांच्या अंगवळणी पडली, असे मी खुशाल धरून चालतो. कुळ ठरवावे ते प्रश्नाच्या ठेवणीवरून.

एवढे खरे, की दोन नजरांच्या मधल्या फटीतून निसटणाऱ्या एकुलत्या एका क्वेरीपुढे ही रीत कुचकामी आहे. तिच्यासाठी घड्याळच हाती घ्यावे.