शालजोडी, अल्पाका आणि घोंगडी

फरच्या कोटांची तऱ्हा दशकागणिक कशी पालटत गेली, हा विषय कामतघरात काढला तर श्रोते प्रथम हसतील, आणि त्यांचे काही चुकणार नाही. वैशाखात वऱ्हाळा तलावाकाठीसुद्धा बंडी अंगाला चिकटते. तेथे केसाळ कोट कोण घालणार? पण जनावरांच्या केसांची वस्त्रे आपणही पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहेत. थंडीसाठी थोडी, मानासाठी फार.

पेशवाईत गौरव व्हायचा तो शालजोडी देऊन. काश्मिरी बकरीच्या मऊ लोकरीची ती शाल पुण्याच्या उन्हाळ्यात पांघरणे सुखाचे नव्हते. पण मान म्हटला की घाम आलाच. राज्य गेले तरी 'शालजोडीतले' आपल्या बोलण्यात राहिले. मान मात्र हळूहळू कोटाकडे सरकला.

इंग्रजी अमलातल्या कचेऱ्यांत व कोर्टांत अंगरखा मागे पडला आणि काळा अल्पाका आला. अल्पाका हे पेरू देशातले लांब लोकरीचे जनावर. ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्टने १८३० नंतरच्या दशकात त्या लोकरीचे कापड मोठ्या प्रमाणावर काढले: ताणा सुताचा, बाणा अल्पाकाचा. ही युक्ती भिवंडीच्या मागवाल्यांना समजावून सांगायला नको! कापड हलके आणि चकचकीत, म्हणून आमच्या हवेत ते चालून गेले. गळ्यापर्यंत बटणे लावलेला लांब कोट, खाली धोतर, डोक्यावर पगडी. अर्धा देशी, अर्धा विलायती असा हा वेष आज चमत्कारिक वाटतो, पण त्या काळी त्याचा दरारा होता. पुढे कोट आखूड झाला, गळा उघडला, धोतराच्या जागी पाटलोण आली.

सगळ्यांनीच हा मान मुकाट्याने मानला नाही. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. तिला जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. १९०५ साली पुण्यात आणि १९२१ साली परळला विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या. कालपर्यंत मिरवायचा तो कोट लाजेचा विषय झाला. उलट, ज्यांना नीटनेटके वस्त्र नेसण्याचीही चोरी होती, त्यांच्या दृष्टीने डॉ. आंबेडकरांचा सूट ही निव्वळ हौस नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना, जातीची खूण सांगणारी नेसण्याची पद्धत सोडा, असे सांगितले. एकाने सूट टाकून पंचा नेसावा, दुसऱ्याने सूट चढवावा, आणि दोघांचेही बरोबर असावे, हे कोड समाजाकडे पाहिल्याशिवाय सुटत नाही.

१९२५ साली खाडीपलीकडे ठाण्यात लोकरीची गिरणी निघाली आणि पुढे सुटाचे कापड देशी झाले.

या साऱ्या धामधुमीत धनगराची घोंगडी होती तशीच राहिली. तीही लोकरीचीच, खड्ड्यातल्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. डोक्यावरून खोळ घेतली की पाऊस अडतो, रानात अंथरली की बिछाना होतो. तिला कोणी कॉलर लावली नाही. कोर्टातल्या वकिलाच्या अंगावर मात्र मे महिन्यातही काळा कोट असतो. कापड पुष्कळदा पॉलिएस्टरचे.