नवी मत्स्यपेटी : माशांचे वर्तन आणि आरोग्य

घरात नुकतीच मांडलेली, पहिल्या सहा आठवड्यांच्या आतली माशांची काचपेटी, म्हणजे बोलीतला फिश टँक. मासे सर्वांत जास्त याच काळात दगावतात. बहुतेक वेळा त्यांना रोग झालेला नसतो, पाणी तयार झालेले नसते. म्हणून नव्या पेटीतल्या माशाचे वागणे हे आधी पाण्याचे लक्षण म्हणून वाचावे आणि मग रोगाचे. या नोंदीतली उदाहरणे पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीची आहेत. पाणी कुठून येते, किती दिवसांनी येते आणि वीज कधी जाते यावर पेटीची तब्येत ठरते, आणि या गोष्टी गावागणिक वेगळ्या असतात.

पाणी आणि वनस्पती यांचा तोल साधला तर मासे काचेत जगतात, हे लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने १८५० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे. त्या शतकभरात काच, पंप, दिवे सगळे सुधारले, पण नवी पेटी पहिल्याच महिन्यात रिकामी होण्याची तक्रार तशीच राहिली. त्याचे मूळ अमोनियात आहे.

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. न खाल्लेला दाणा आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. जुन्या पेटीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वसलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषे आहेत, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या पेटीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची वाढ संथ असते, त्यामुळे २५ ते २८ अंश तापमानातही वस्ती पुरी व्हायला चार ते सहा आठवडे जातात. नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टर करतो असे जुनी पुस्तके सांगत. गोड्या पाण्याच्या पेटीत ते मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो हे १९९८ मध्ये दाखवले गेले. कासारवाडीच्या वाचकाला हे समजायला लांब जावे लागत नाही. महापालिकेच्या तिथल्या मैलाशुद्धीकरण केंद्रात हवा सोडून सांडपाणी शुद्ध होते ते अशाच जिवाणूंच्या बळावर. घरातला फिल्टर म्हणजे त्याच केंद्राची ओंजळीएवढी आवृत्ती, आणि नव्या पेटीत ती अजून बांधून झालेली नसते.

पेटी मांडल्यावर अमोनिया साधारण तिसऱ्या दिवसापासून चढू लागतो. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात नायट्राइटची पाळी येते. मधेच, बहुधा पहिल्या आठवड्यात, पाणी दुधासारखे धुरकट होते. तो जिवाणूंचा फुलोरा असतो आणि आपोआप निवळतो. घाबरून सगळे पाणी ओतून दिले आणि खडे घासून काढले, तर जेमतेम वसू लागलेली वस्तीही वाहून जाते आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

वर्तन कसे वाचावे. तिसरी पाळी करून सकाळी सातला घरी आलेला माणूस पेटीचा दिवा लावतो तेव्हा मासे फिक्के आणि निश्चल दिसतात. त्यावरून काही ठरवू नये. रात्री अनेक माशांचा रंग उतरतोच, विशेषतः निऑन टेट्राचा, आणि एकदम पडलेल्या उजेडाने ते बिथरतात. दहा मिनिटे थांबावे, मग एका माशाचे कल्ल्याचे झाकण पाहावे. ते संथ, एका लयीत उघडत-मिटत असेल तर ठीक. धाप लागल्यासारखे भराभर हलत असेल, मासा पृष्ठभागाशी तोंड मारत असेल किंवा फिल्टरच्या धारेखालीच उभा असेल, तर त्याला श्वास पुरत नाही.

श्वास न पुरण्याची कारणे वेगवेगळी, आणि वेळेवरून ती ओळखता येतात. दाट वनस्पती असलेल्या पेटीत त्रास फक्त पहाटे होत असेल आणि दुपारी थांबत असेल, तर रात्रीत प्राणवायू कमी पडला आहे. उन्हाळ्यात हे जास्त घडते. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर ७.६ मिलिग्रॅमच. धाप दिवसभर असेल तर अमोनिया किंवा नायट्राइटचा संशय घ्यावा. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता हिरावून घेते. रक्त तपकिरी होते, आणि पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी एअर पंप वाढवून भागत नाही. लिटरला एक ग्रॅमच्या आसपास खडे मीठ विरघळवून हळूहळू घातले, तर त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. हा उपाय अगदी स्वस्त आहे, आणि मला वाटते पुरेसा सांगितला जात नाही.

पर अंगाशी मिटून घेणे, तळाशी बसून राहणे, खड्यांवर अंग घासणे, काचेवर वरखाली धावत राहणे ही त्रासाची इतर चिन्हे. यांत सर्वांत कामाचा प्रश्न एकच : असे एकच मासा करतो आहे की सगळे? सगळे एकदम करत असतील तर दोष पाण्याचा. एकच करत असेल आणि बाकीचे दाण्यावर झेपावत असतील, तर तो आजारी, जखमी किंवा इतरांनी टोचलेला. औषधाची बाटली उघडण्याआधी हा प्रश्न विचारला तर पुष्कळ मासे वाचतात. औषधांपैकी काही, मिथिलिन ब्लूसुद्धा, फिल्टरमधल्या जिवाणूंनाच मारतात, आणि पाण्याने बेजार झालेला मासा मग दुप्पट अमोनियात सापडतो.

काही वागण्याची मात्र उगाच धास्ती घेतली जाते. आणल्यावर पहिला एक-दोन दिवस मासा लपतो, खात नाही. बेटा, म्हणजे फायटर, वर येऊन हवेचा घोट घेतो, कारण त्याला हवेतून श्वास घेणारे वेगळे इंद्रिय असते. कोरिडोरासही मधूनच वर झेप घेऊन परत तळाला जातो. नर गप्पी मादीच्या मागे सतत लागतो. त्यावर उपाय एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवणे, औषध नव्हे.

कासारवाडीचे पाणी. महापालिकेचे पाणी पवनेचे. रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून निगडीत शुद्ध केलेले हे पाणी सह्याद्रीच्या बेसाल्टवर पडलेल्या पावसाचे आहे, म्हणून बोअरच्या पाण्याच्या मानाने मृदू. मृदू पाण्याचा लाभ आहे आणि जोखीमही. अमोनियाचा विषारी अंश पीएचबरोबर चढतो : २५ अंशांवर पीएच ७ असताना एकूण अमोनियाच्या अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला सुमारे पाच टक्के. म्हणून उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरचे पाणी अचानक मोठ्या प्रमाणात घातले, की कालपर्यंत सोसवणारा अमोनिया आज मारक ठरू शकतो. उलट बाजूने, जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार खर्च करतात. मृदू पाण्यात तो लवकर संपतो, पीएच ६.५ च्या खाली घसरते आणि जिवाणू मंदावतात. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलले की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. भारतीय मानकानुसार त्याचे किमान अवशिष्ट प्रमाण लिटरला ०.२ मिलिग्रॅम, आणि तेवढाही कल्ल्यांना बाधतो. क्लोरीन श्वसनाच्या पडद्यांचे काय करतो हे कासारवाडीने माणसांवरच पाहिले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या महापालिकेच्या जलतरण तलावात वायू गळाला आणि लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. पेटीसाठी उपाय सोपा : पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे, किंवा सोडियम थायोसल्फेटचा अँटी-क्लोरीन वापरावा. छायाचित्रकारांचा हायपो तो हाच. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात पाणी दिवसाआड येते, त्यामुळे घराघरात साठवण असतेच. उघड्या पिंपातले शिळे पाणी माशांना ताज्या धारेपेक्षा चांगले.

गुरुवार. उद्योगपट्ट्यातला हा साप्ताहिक सुटीचा वार, आणि देखभालीसाठी वीजही बहुधा याच दिवशी बंद असते. त्यामुळे नव्या पेटीवर दोन संकटे एकाच दिवशी येतात. वीज गेली की फिल्टर थांबतो, आणि बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू काही तासांत गुदमरू लागतात. वीज परत आल्यावर तो न धुता सुरू केला तर साचलेली घाण पेटीत उतरते. आणि सुटी म्हणून त्याच दिवशी पेटी बाहेर काढून नळाखाली लख्ख घासली जाते. स्पंज धुवायचाच तर पेटीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळावा, तेवढे पुरे. वीज जाणाऱ्या घरात बॅटरीवरचा एअर पंप हीटरइतकाच जरुरीचा.

रोग. थकलेल्या माशांना सर्वांत आधी गाठतो तो पांढरा ठिपका, इक्थिऑफ्थिरियस नावाच्या एकपेशीय परजीवीचा. शेपटीवर आणि परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे दिसतात. ठिपका पिकून तळाला पडतो, त्यातून शेकडो पिल्ले सुटतात आणि नवा मासा शोधतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर चालते, कातडीखाली असलेल्या ठिपक्यावर नाही. म्हणून ठिपके नाहीसे झाले की औषध थांबवणे ही नेहमीची चूक. निदान दहा-बारा दिवस उपचार चालू ठेवावा. पाणी रोज एखाद अंशाने तापवत २९-३० पर्यंत न्यावे, म्हणजे परजीवीचे चक्र लवकर उरकते. सोबत हवा वाढवावी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर नसलेल्या पेटीत तापमान कोसळते आणि हा रोग हमखास डोके वर काढतो. गोल्डफिशला थंडी सोसते, पण तो फार घाण करतो आणि वीतभर वाढतो. काचेच्या बरणीत त्याला ठेवणे ही क्रूरताच.

सुरुवात. दोन फुटी पेटीत (६० × ३० × ३० सेंमी) खडे घातल्यावर ४५ लिटरच्या आसपास पाणी राहते. त्यात पहिल्या महिन्यात चार-पाच गप्पी किंवा प्लॅटी पुरेत. दाणा दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढाच. ओळखीच्या घरातल्या निरोगी, जुन्या पेटीतला मळका स्पंज मागून आणला तर सहा आठवड्यांचे काम दोनावर येऊ शकते. विकतच्या कोणत्याही बाटलीपेक्षा तो भरवशाचा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसल्यावरच पुढचे मासे आणावेत.

नकोसे झालेले किंवा आजारी मासे पवनेत सोडू नयेत. पवना दापोडीला मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीत अडते. पेट्यांतून सुटलेल्या सकरमाउथ माशाने उजनीच्या मच्छीमारांची जाळी आज भरतात, आणि तो विकला जात नाही. मेलेला मासा कुंडीतल्या मातीत खोल पुरावा आणि त्या पेटीची जाळी, बादली दुसऱ्या पेटीला वापरण्याआधी उन्हात खडखडीत वाळवावी.