आप्त कोण? हिंगोलीत घर घेताना वकील निवडण्यामागचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने खरेदीखतावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण एखादी गोष्ट खरी कशावरून मानायची, हा आमच्या विषयातला सर्वांत जुना प्रश्न. आणि हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला कुणी घर घ्यायला निघतो तेव्हा नेमका हाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. विकणारा म्हणतो, ‘ही जागा माझी आहे.’ कशावरून? त्या एका वाक्यावर शिक्षकाचा भविष्यनिर्वाह निधी लागतो, शेतकऱ्याचे हळदीचे पैसे लागतात, घरातले दागिने गहाण पडतात. ते वाक्य तपासून देणारा माणूस म्हणजे वकील. तो कसा निवडावा, हे कळायला आपल्या भागातल्या कागदाचा इतिहास कळावा लागतो. आज तोच पाहू.

आधी एक फरक लक्षात घेऊ. इंग्लंडमध्ये घराचा व्यवहार एका सॉलिसिटरच्या हातून होतो. १८०४ च्या तिथल्या मुद्रांक कायद्याने मोबदला घेऊन हस्तांतराचे दस्त तयार करण्याचे काम त्या व्यवसायाकडे राखून ठेवले आणि ही मक्तेदारी १९८० च्या दशकापर्यंत टिकली. मुंबईत इंग्रजांमुळे सॉलिसिटर आले. मराठवाड्यात हा वेगळा व्यवसाय रुजलाच नाही. आपल्याकडे काम वाटले गेलेले आहे. जागा दलाल दाखवतो, मजकूर दस्तलेखक किंवा अर्जनवीस लिहितो, मुद्रांक विक्रेता वेगळा, नोंद दुय्यम निबंधक करतो, फेरफार तलाठी घेतो, आणि कर्ज असेल तर बँकेचा वकील शोध घेतो. एवढी माणसे असतात, पण घेणाऱ्याच्या बाजूने सगळे एकत्र पाहणारा त्यात कुणीच नसतो. ती जागा भरायची तर वकील स्वतः नेमावा लागतो.

गोतापासून दप्तरापर्यंत

जुन्या काळी हा प्रश्न गाव सोडवत असे. वतनाचा किंवा जमिनीचा तंटा झाला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार, शेजारी सगळे जमत आणि निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, बलुतेदारांच्या नावापुढे त्यांच्या त्यांच्या हत्याराची. मालकी ही चारचौघांच्या आठवणीत राहणारी गोष्ट होती. ही पद्धत निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. ज्याला गोतात बसायलाच जागा नव्हती, त्याचा हक्क कोण आठवणार? पण एक गोष्ट तिला माहीत होती. मालक कोण, हे विचारायचे तर फक्त मालकाला विचारून भागत नाही.

पुढे आठवणीची जागा दप्तराने घेतली. हैदराबाद संस्थानात पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले, १८६५ मध्ये त्यांनी जिल्हाबंदी केली, आणि मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. दप्तराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. गावपातळीवर कुलकर्ण्याचे लेखन मोडीत. कालगणना फसली. आता एखाद्या जुन्या खरेदीखतावर ‘बहमन १३३५ फसली’ असे असेल, तर त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे साधारण १९२५-२६ साल निघते. हे ज्याला ठाऊक नाही, तो कागद हातात धरूनही वाचत नाही, बरं का.

हे जुने बाड आता पुन्हा लोकांच्या बोलण्यात आले आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरे तपासायला घेतली, आणि खासरा पत्रक, पाहणी पत्रक हे शब्द घरोघरी पोहोचले. दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधणारा माणूस घर घेताना मात्र ताजा सातबारा पाहून थांबतो, याचे आम्हाला नवल वाटते.

दहा वर्षांत बदललेली मालकी

आपल्या भागाच्या कागदातली खरी गाठ १९४८ ते १९६० या काळात आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाले. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला. ठरावीक काळात सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा मिळाला, पुढे विकत घेण्याचा हक्क मिळाला. अशी मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकण्यावर बंधनही आले. मग १९५४ चा इनाम रद्द करण्याचा कायदा. मदतमाश इनामे संपली आणि बऱ्याच जमिनी नियंत्रित सत्तेच्या, म्हणजे आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग दोनच्या, झाल्या. देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश इनामे मात्र वेगळी राहिली. तिथे कसणारा सेवेकरी, मालक ती संस्था. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. म्हणून आपला एखादा जुना कागद शोधायला परभणीची वाट धरावी लागू शकते.

आता विचार करा. आज जिथे ‘प्लॉट विकणे आहे’ अशी पाटी आहे, तिथे साठ-सत्तर वर्षांपूर्वी एक कूळ असेल, किंवा एखाद्या देवस्थानाचा सेवेकरी असेल. वकील म्हणतात, ‘तीस वर्षांचा सर्च घेतला.’ या तीस वर्षांना आधार आहे. १९६३ च्या मुदत कायद्यात गहाण सोडवून घेण्याची मुदत तीस वर्षांची केली, ती त्याआधी साठ होती. तीस वर्षे जुना कागद योग्य ठिकाणाहून आला तर त्याला पुराव्यात विशेष मान मिळतो. पण आपल्याकडे तीस वर्षे मागे गेलो तर आपण १९९० च्या दशकातच थांबतो. कुळाची आणि इनामाची गाठ त्याच्याही मागे चाळीस वर्षे आहे. म्हणून इथल्या वकिलाला पहिला प्रश्न विचारायचा तो असा : ‘साहेब, तुम्ही १९५४-५५ च्या खासरा पाहणीपर्यंत जाणार का?’ ज्याला या प्रश्नाचे हसू येते, त्याला नमस्कार करून बाहेर पडावे.

नोंद म्हणजे मालकी नव्हे

दुसरा गैरसमज नोंदणीचा. १९०८ चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद करतो, मालकीची हमी देत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्स यांनी अशी पद्धत आणली की सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि हमी सरकारची. आपल्याकडे तसे नाही. सातबाराही महसुली अभिलेख. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, इतकेच. ग्रामपंचायतीचा नमुना आठ तर कर आकारणीचा. आणि शंभराच्या बाँडवर नोटरीपुढे घेतलेला गुंठा? त्याला खरेदी म्हणताच येत नाही. मुखत्यारपत्रावर किंवा साध्या करारावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. तरी गावाच्या कडेला असे व्यवहार होतात, कारण ते स्वस्त पडतात आणि ‘सगळ्यांनी असेच घेतले’ हा युक्तिवाद तयार असतो. सगळ्यांनी घेतले यावरून ते बरोबर ठरत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

तिसरी गोष्ट घरातलीच आहे, म्हणून जास्त अवघड. बापाच्या पश्चात भावांची नावे लागली, बहिणींची राहिली. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून, त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहितेची अटही गेली. २०२० मध्ये विनीता शर्मा निकालाने सांगितले की त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली विक्री किंवा वाटणी मात्र त्यामुळे उलटत नाही. मुस्लिम कुटुंबांत मुलीचा हिस्सा शरीयतनेच ठरलेला. आणि व्यवहारात काय ऐकू येते? ‘बहिणी काही म्हणणार नाहीत.’ चांगला वकील इथे थांबतो आणि विचारतो, किती बहिणी? कुठे दिल्या? हक्कसोडपत्र नोंदवलेले आहे का? सही घेताना त्यांना वाचून दाखवले होते का?

कूळ, देवस्थान, बहीण. तिन्ही ठिकाणी कागदावर न दिसणारा एक हक्कदार आहे. त्याला शोधणे हे घेणाऱ्याच्या सुरक्षेचे काम आहेच, पण ते न्यायाचेही काम आहे. कुणाचा तरी हिस्सा गिळून उभे राहिलेले घर आपण घेत नाही ना, हेही त्यातून कळते. जाहीर प्रगटन वर्तमानपत्रात देतात, त्याकडे लोक उपचार म्हणून पाहतात. आम्हाला त्यात जुनी गोतसभा दिसते. म्हणून गावात जे वर्तमानपत्र खरेच वाचतात त्यातच ते द्यावे, आणि वकिलाने एकदा जागेवर येऊन चतुःसीमेच्या चारही शेजाऱ्यांशी बोलावे.

मग वकील कोण?

आपल्याकडे वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. त्यामुळे निवड होते ती ओळखीवर. कुणी म्हणतो पाहुणा आहे, कुणी म्हणतो आपल्यातला आहे. इथे न्यायदर्शन आठवते. त्यात शब्द हे प्रमाण मानले, पण ते आप्ताच्या शब्दाला. मराठीत आपण आप्त म्हणजे नातेवाईक असे धरतो. न्यायदर्शनातला आप्त वेगळा. ज्याला ती वस्तू प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू. जातीवरून, नात्यावरून आप्त ठरत नाही.

या व्याख्येत दोन अटी आहेत, आणि वकील दोन्हींवर तपासायचा. पहिली जाणण्याची. इथे स्थानिक वकिलाचे पारडे जड. कुठल्या शिवारात कुणाचे इनाम होते, कोणत्या ले-आऊटला अकृषिक परवानगी नाही, कोणता दावा कोर्टात पडून आहे, हे त्याला माहीत असते. ऑनलाइन शोधात सगळे जुने दस्त येत नाहीत, निबंधक कार्यालयातली सूची हाताने पाहावी लागते, उर्दू आणि मोडीचा जाणकार गाठावा लागतो. पुण्या-मुंबईचे मोठे नाव इथे कमी पडू शकते.

दुसरी अट खरे सांगण्याच्या इच्छेची. स्थानिक माणसाची अडचण इथेच येते. गाव लहान, वकील तोच, आणि विकणाऱ्याचे जुने दावेही त्यानेच चालवलेले. वकील हा शब्दच प्रतिनिधी या अर्थाचा आहे, तेव्हा सरळ विचारावे, ‘तुम्ही कुणाचे?’ विकणाऱ्याने सुचवलेला नको, दलालाने आणलेला नको. शेजारच्या तालुक्यातला अनुभवी वकील हा पुष्कळदा चांगला मध्यम मार्ग असतो. व्यवहार झाला तरच फी, असे म्हणणाऱ्यापासून लांब राहावे. ‘घेऊ नका’ असे सांगून ज्याचे नुकसान होते, तो ते सांगेल कसा?

आणि बँकेचा वकील? तो बँकेला अहवाल देतो. समजा घर तीस लाखांचे आणि कर्ज अठरा लाखांचे. बँकेची चिंता अठरा लाखांची, तुमची तिसाची आणि शिवाय छपराची. ‘बँकेने पास केले म्हणजे क्लिअर आहे’ हे वाक्य म्हणून अपुरे.

कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेतानाही हेच. आपल्याकडे मूळ दस्त बँकेत ठेवून गहाण होते. पहिल्या बँकेने कोणते मूळ कागद घेतले, त्याची यादी वकिलाकडून तपासून ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पण यादीच नसेल तर काय परत आले नाही, हे कळणार कसे? जुना बोजा सातबाऱ्यावरून आणि निबंधकाकडून उतरला की नाही, हेही बघायचे.

वकिलाकडून शेवटी लेखी अहवाल मागा. त्यात कोणते कागद पाहिले, कोणत्या सालापर्यंत मागे गेलो आणि काय सापडले नाही, हे तिन्ही असावे. तिसरा भाग जो प्रामाणिकपणे लिहितो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

फी परवडत नाही म्हणून कुणी हे टाळू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाच्या लोकांसाठी मोफत विधी सेवेची सोय केली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन सल्ला मागावा. इसार देण्याच्या आधी जावे, नंतर नव्हे.