वर आणि वधूचा रकाना

खामगावच्या कोर्टात मी चौतीस वर्षं वकिली केली. विशेष विवाह कायद्याच्या नोटिसा इतक्या लिहिल्या की त्याचं कलम चार तोंडपाठ झालं: वराला 21 पूर्ण, वधूला 18.

2022 च्या उन्हाळ्यात दोघी जणी माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. एक शिवणकाम करणारी, दुसरी शाळेत स्वयंपाक करणारी. बारा वर्षांपासून एका घरात. थोरलीच्या ऑपरेशनच्या वेळी धाकटीची सही चालली नव्हती, भाऊ येईपर्यंत सगळं खोळंबलं होतं. तिनं पिशवीतून घडी पडलेलं कात्रण काढलं. "वकीलसाहेब, यानं आमचं होईन का जी?"

बातमी 1 एप्रिलची होती. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी समलिंगी लग्नांसाठी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. दोघं पुरुष असतील तर वय 21, दोघी स्त्रिया असतील तर 18. तेवढ्या बदलानं या दोघींचा अर्ज रकान्यात बसला असता. पण मला खरं सांगावं लागलं: हे विधेयक आहे, कायदा नव्हे, आणि 1970 नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. दोघींना एकमेकींच्या नावानं मृत्युपत्रं करून दिली. पण मृत्युपत्र मेल्यावर कामी येतं, दवाखान्याच्या दारात नाही.

त्या रात्री मी या कायद्याचा इतिहास पाहायला जुनी पुस्तकं काढून बसलो. 1872 च्या कायद्यानं नोंदणी लग्न करायचं, तर आधी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठल्याच धर्माचे नाही, असं लिहून द्यावं लागे. जातीबाहेर लग्न करायचं म्हणून माणसानं आपला धर्मच नाकारायचा! भूपेंद्रनाथ बसूंनी 1911 मध्ये विधेयक आणलं, पडलं. विठ्ठलभाई पटेलांनी 1918 मध्ये आणलं, तेही पडलं. शेवटी नागपूरला वकिली गाजवलेल्या डॉ. हरिसिंग गौर यांनी नेट लावला आणि 1923 मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैनांची त्या शपथेतून सुटका झाली. एकत्र कुटुंबातून मात्र तुटावं लागे. आजचा 1954 चा कायदा या सगळ्यानंतरचा.

पुढे सर्वोच्च न्यायालयानं 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी लग्नाचा प्रश्न संसदेकडे टोलवला. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. पुनर्विचार याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. मला तो निकाल अजून पटलेला नाही. पण रस्ता संसदेचाच म्हणाल, तर तिकडे अमेरिकेत काँग्रेसनंही, म्हणजे तिथल्या संसदेनं, पाऊल उचललं. अशी लग्नं न मानणारा 1996 चा कायदा त्यांनी डिसेंबर 2022 मध्ये रद्द केला, म्हणजे सुळे यांचं विधेयक आलं त्याच वर्षी.

ते विधेयक 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बाद झालं. लोकसभेत महाराष्ट्राचे 48 खासदार आहेत. त्यांतल्या एकानं, पक्ष कुठलाही असो, ते पुन्हा मांडावं. आणि वाचकहो, आपल्या खासदाराला तसं पत्र लिहा.