मानेचं दुखणं आणि चौघींचा गट



गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला की आपल्या दुखण्यांचा हिशेब निघतो. मशीनवर वाकून, डोक्यावर भारा वाहून मान धरते. "बायकांचं असंच असतं" म्हणत आपण बाम चोळतो आणि कामाला लागतो. पण या दुखण्यावरच्या उपचारांना इतिहास आहे, आणि तो बराचसा बायकांनीच घडवलाय.

1813 साली स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली. ठरावीक हालचाली आणि मालीश यांनी उपचार करायची ही पद्धत युरोपभर पसरली. पुढं लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी ओरड झाली, आणि प्रामाणिक बायकांकडंही लोक संशयानं बघू लागले. तेव्हा 1894 मध्ये चार परिचारिकांनी मिळून संघटना काढली. शिक्षण आणि परीक्षा ठेवली, डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय उपचार नाही असा नियम केला. 1920 मध्ये त्या संघटनेला राजाची सनद मिळाली. चौघींचा बचत गटच म्हणा ना, फक्त बचत अब्रूची आणि विद्येची!

आपल्याकडं 1950 नंतर मुंबईत पोलिओची साथ आली. लुळ्या पडलेल्या मुलांना उभं करायला माणसं हवी होती, म्हणून केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं.

मान दुखली की पूर्वी विश्रांती, पट्टा, नाहीतर मानेला वजन लावणं हेच उपाय असत. फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या, जुनाट मानदुखीच्या 180 बायकांचा अभ्यास 2003 मध्ये छापून आला. काहींनी रबरी पट्ट्यानं मानेची ताकद वाढवली, काहींनी आडवं पडून डोकं उचलायचा व्यायाम केला, उरलेल्यांनी स्नायू ताणायचे साधे व्यायाम केले. वर्षभरानं पहिल्या दोन्ही गटांचं दुखणं तिसऱ्यापेक्षा बरंच कमी झालं होतं. म्हणजे दुखऱ्या मानेला नुसतं जपून भागत नाही, हळूहळू बळ द्यावं लागतं.

हे व्यायाम आधी जाणकाराकडून शिकूया. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी करूया. हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, चालताना तोल जात असेल, किंवा पडल्यावर मान दुखत असेल, तर मालीश न करता आधी डॉक्टरांकडं जायचं.

या उपचाराला पैसा थोडा लागतो, वेळ मात्र रोज लागतो. घरात सगळ्यांसाठी वेळ काढणाऱ्या आपण तेवढा वेळ हक्कानं मागून घेऊया.