परसातील हमिंगबर्ड आणि छायाचित्रण

हमिंगबर्ड हा केवळ अमेरिका खंडांत आढळणारा पक्षी. आपल्याकडे बागेत फुलांभोवती घुटमळणाऱ्या शिंजिराला पुष्कळदा हमिंगबर्ड म्हटले जाते. मात्र दोघांचे कूळ वेगळे. या पक्ष्याच्या साडेतीनशेच्या आसपास जातींपैकी पूर्व उत्तर अमेरिकेत वीण करणारी एकच, माणकासारख्या लाल कंठाची. वजन जेमतेम तीन ग्रॅम. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या परसातही उन्हाळ्यात तो हजेरी लावतो.

त्याचे पंख सेकंदाला सुमारे ५० वेळा हलतात. १/२०० सेकंदाच्या शटरवेगात पंखाची पाव फडफड पूर्ण होते आणि चित्रात केवळ धूसर पट्टा उमटतो. भर उन्हात १/२००० पेक्षा अधिक वेग ठेवणे हा एक उपाय. दुसरा उपाय फ्लॅशचा. फ्लॅशची शक्ती १/१६ किंवा त्याहून कमी ठेवली की प्रकाशझोत सुमारे १/१०,००० सेकंदच टिकतो आणि पंख गोठल्यासारखे दिसतात. मात्र त्यासाठी पक्षी सावलीत हवा, अन्यथा उन्हामुळे दुहेरी प्रतिमा उमटते. हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात याच तत्त्वावर हमिंगबर्ड टिपले. पुढे ड्यूपाँ कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी या छंदातून १९६० मध्ये ग्रंथच सिद्ध केला.

नराच्या कंठाचा लाल रंग रंगद्रव्याचा नव्हे, तर पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा. म्हणून कोन जरा बदलताच तो काळा दिसतो. प्रकाश कॅमेऱ्याच्या बाजूने आला तरच कंठ पेटतो.

पक्ष्यामागे धावणे व्यर्थ. नर आपला इलाखा राखतो आणि त्याच त्या काटकीवर येऊन बसतो. तेथे आधीच फोकस साधून थांबावे. साखरपाण्याच्या भांड्याजवळ साल्व्हियाची फुले ठेवली तर चित्रातून प्लॅस्टिक टळते. पाठीमागची झाडी दोन-तीन मीटर दूर असावी.

साखरपाण्याबाबत हयगय नको. एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी, एवढेच. मध घातल्यास बुरशी लवकर धरते. लाल रंगाची तर मुळीच गरज नाही. कडक उन्हाळ्यात दोन दिवसांत पाणी बदलून भांडे घासावे. घरट्याजवळ मात्र कॅमेरा नेऊच नये. अंडी उबवणे, पिलांना भरवणे हे सारे मादी एकटीच करते; ती बिचकून दूर राहिली, तर पिलांना वाली उरत नाही.